गरम नळाचं गार पाणी

अहो, मोठ्या न्हाणीघरातला गिझर अजून बंदच आहे. अल नस्रमधल्या आपल्या सगळ्या बिल्डिंगीने दिवाळीनंतर गिझर लावले. खालच्या मजल्यावरच्या सुलभाताई परवा डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी बादलीत हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, या थंडीत असल्या पाण्याने आंघोळ करतेस, आजारी पडायचंय का? आता दोह्याची थंडी ती काय थंडी, पण नोव्हेंबरात पहाटे अंगावर काटा येतो हे खरं. मी हो-हो म्हटलं आणि डबा घेतला. त्या स्विचवर तुम्ही चिकटवलेली पांढरी पट्टी तशीच आहे. ती काढायला हातच धजत नाही, काय करू?

येत्या गुरुवारी घराच्या किल्ल्या परत द्यायच्या आहेत. माझा व्हिसा तुमच्या नावावर. तुम्ही गेलात आणि माझंही इथलं दाणापाणी संपलं. सोफा गेला, कपाटं गेली, भांड्यांची खोकी बांधून झाली. फ्रीज घेणारा माणूस उद्या दुपारी येतोय. आणि त्या फ्रीजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात तुमच्या दोन बाटल्या आहेत, शेवटच्या घाण्यातल्या. इतके दिवस मी त्या कप्प्याचं दार उघडते, बघते आणि लावते. मोरीत ओतून द्यायला मन होईना, प्यायचा धीर होईना, आणि बॅगेत घालून न्याव्यात तर विमान उतरेपर्यंत साड्यांचं सरबत व्हायचं.

द्राक्षांच्या नाशकात जन्मलेल्या माणसाला जवाची बिअर सुचावी, हेच मुळात अजब. पण तुमचं ठरलेलं होतं. इथलं आटोपलं की नाशिकला जायचं. तिथे तुमचा शाळेतला मित्र बापू, त्याचा परवान्याचा छोटा बिअरखाना, त्यात तुमची एक भट्टी. तोवर इथे हात बसवून ठेवायचा. इथे घरात बिअर करणं म्हणजे सरळ गुन्हा, आणि तुम्ही तर रिकाम्या रस्त्यावर पिवळा दिवा दिसला तरी ब्रेक लावणारे. मग तुम्ही तोड काढलीत, की सगळं करायचं, फक्त यीस्ट घालायचं नाही. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, भरडायचे, ऊन पाण्यात मुरवायचे, गाळायचे आणि ते गोडं पाणी तासभर रटरट उकळायचं. त्याला तुम्ही ‘वर्ट’ म्हणायचात. मी काढा म्हणायचे. तो गार करून बाटल्यांत भरायचा आणि दुपारच्या जेवणानंतर स्टीलच्या पेल्यातून प्यायचा. बिअर व्हायला एकच पायरी उरायची, आणि तिथे तुम्ही दर वेळी थांबायचात.

बरं, थांबायचात ते कसे! ज्या दिवशी पातेलं चढायचं त्या दिवशी माझ्या घरात पावाचं पीठ मळायला बंदी. यीस्टचं पाकीट बाल्कनीतल्या कपाटात. नानसुद्धा बाहेरून आणायचा नाही. उभ्या जन्मात तुम्ही कधी सोवळं नेसला नाहीत. सासूबाई बोलून बोलून थकल्या. पण या काढ्याचं सोवळं तुम्ही असं पाळलंत की भटजींनी शिकावं. मी हसायचे, तुम्ही हसायचा नाहीत. "एक कण उडून पडला ना, तर व्हिसा जाईल आपला," म्हणायचात.

खरी पंचाईत होती ती गार करण्याची. उकळतं पातेलं घटकाभरात गार झालं पाहिजे, नाहीतर उकडलेल्या कोबीचा वास येतो, हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेत विचाराल तर सांगेन. गार करायची तयार यंत्रं परदेशी वेबसाइटवर मिळतात. तुम्ही ती रोज बघायचात. टोपलीत टाकायचात, दोह्यापर्यंत आणायचा खर्च बघायचात, हाय खायचात आणि बाहेर पडायचात. मी एकदा म्हटलं, घेऊन टाका हो, आयुष्यभर का कमी कमावलंत? तर तुम्ही माझ्यावरच उखडलात. पैशाचा प्रश्न नाही, म्हणालात, हमद पोर्टवर मी कंटेनरच्या कंटेनर थंड ठेवतो आणि घरचं एक पातेलं थंड करायला विकतचं यंत्र आणू? लाज वाटते मला.

मग बर्फाचे प्रयोग झाले. पेट्रोलपंपावरून बर्फाच्या पिशव्या आणायच्या, टबमध्ये ओतायच्या आणि मध्ये पातेलं ठेवायचं. गाडीची डिकी ओली, लिफ्ट ओली, वॉचमन नाराज, आणि बर्फ वितळून जायचा तरी पातेलं आपलं ऊन ते ऊनच. शेवटी तुमच्या साइटवरच्या तानाजीने एसीच्या तांब्याच्या नळीचा उरलेला तुकडा दिला. तुकडा कसला, चांगली लांबलचक नळी. तिचं वेटोळं करायचं, ते उकळत्या काढ्यात बुडवायचं आणि आतून नळाचं पाणी खेळवायचं. तानाजीने बजावलं होतं, की नळीत वाळू गच्च भरून मग वाकवा, म्हणजे चिमटणार नाही.

वाळू! आपण कुठे राहतो? दाराबाहेर पाऊल टाकलं की वाळू. पण तुम्हाला बारीक, स्वच्छ वाळू हवी होती. म्हणून आपण शनिवारी समैस्म्याच्या किनाऱ्यावर गेलो. मी पोहे आणि दशम्या बांधून घेतल्या, तुम्ही पिशवी आणि नरसाळं घेतलंत. संध्याकाळी घरी येऊन तुम्ही त्या नळीत वाळू भरलीत, दोन्ही तोंडं ठोकून बंद केलीत आणि रंगाच्या रिकाम्या डब्याभोवती काय सुंदर वेटोळं वळलंत. मी मनापासून वाहवा केली. आणि मग वाळू बाहेर येईना. समुद्राची ओली, खारट वाळू ती, आत विटेसारखी बसली. महिनाभर तुम्ही ते वेटोळं मांडीवर घेऊन लाकडी लाटण्याने ठोकत बसायचात. टीव्ही लावला की टकटक, मी पेपर तपासायला बसले की टकटक. वाळवंटात राहून माणसाने वाळूच ओली आणावी, याला काय म्हणावं! तानाजीला कळलं तेव्हा तो कपाळाला हात लावून जागेवरच बसला म्हणे. ती वाळू अजून पुरती गेलेली नाही. पहिल्या पाण्याबरोबर चार कण येतातच.

जानेवारीत ते वेटोळं पहिल्यांदा चाललं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तेव्हा छान गार होतं. बघता बघता पातेलं कोमट झालं. तुम्ही थर्मामीटर हातात घेऊन घरभर फिरलात. पुण्याला मुक्ताला व्हिडिओ कॉल केलात. आपली लेक इथल्या शाळेत शिकली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच. ती म्हणाली, "बाबा, यू आर अ जीनियस." तुम्ही ते मला दिवसभर ऐकवलंत.

आणि त्या गर्वात तुम्ही जूनमध्ये, ईदच्या सुट्टीत, तीन घरची माणसं जेवायला बोलावलीत. बघा कसं गार करतो. सगळी स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभी. तुम्ही नळ सोडलात. जूनचं पाणी, दिवसभर गच्चीवर तापलेलं. हात लावला तर चटका. वेटोळं काढ्याला थंड करतंय की नुसतं कुरवाळतंय, तेच कळेना. थर्मामीटरचा काटा मध्यावर येऊन जो बसला तो उठेना. इतकी वर्षं दोह्यात काढलेला थंडाव्याचा इंजिनिअर, आणि जूनमध्ये नळाला गरम पाणी येतं हे विसरला! लोकांनी चहा घेतला आणि ते गेले. तुम्ही वेटोळं उचलून बाल्कनीत नेऊन ठेवलंत आणि जेवलाही नाहीत.

मला तुमची दया आली हो. पण मी तरी त्या दिवशी कुठे सांगितलं? मला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची बादली भरताना मी सहज म्हटलं, लाल खुणेच्या नळाला का नाही जोडत? उन्हाळ्यात इथे कोणत्याही घरात हेच करतात. मे महिन्यात गिझर बंद करायचा. मग घरातल्या एसीत राहून गिझरमधलं पाणी गार होतं, गरम नळाला गार पाणी आणि गार नळाला गरम. तुम्ही दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिलात.

"हे मला कोणी सांगितलं नाही," तुम्ही म्हणालात.

"विचारलंत कधी? आयती बादली मिळत होती."

तुम्ही दाढी अर्धी टाकून बाल्कनीत गेलात आणि वेटोळं परत आणलंत. त्या दिवसापासून घराचे नियम बदलले. न्हाणीघरात पातेलं, लाल नळाला वेटोळं. शुक्रवारी काढा गार झाल्याशिवाय त्या न्हाणीघरात कोणी आंघोळ करायची नाही, कारण गिझर एकदा रिकामा झाला की पुन्हा गच्चीवरचं गरम पाणी भरणार. आधी वर्टची आंघोळ, मग माणसांची. सुट्टीवर आलेल्या मुक्ताने एकदा चुकून स्विच लावला आणि तुमचा अख्खा घाणा बिघडला, तेव्हा तुम्ही ही पांढरी पट्टी चिकटवलीत. लेकीला रागावला नाहीत, पट्टी लावलीत. तुमचं रागावणं असंच होतं.

वाद मिटला नाही तो एकच, कडूपणाचा. बिअरला कडवटपणासाठी हॉप्स नावाचं फूल लागतं, ते इथे मागवून कस्टमवाल्यांना कशाला उत्तरं देत बसा, म्हणून तुम्ही सासूबाईंनी पाठवलेलं काडेचिराईत घालायला लागलात. तापावर द्यायचं ते, मूठभर! पहिला घोट घेतला तेव्हा मला सासूबाईच आठवल्या. निम्मं तरी कमी करा, मी म्हणत होते. तुम्ही म्हणत होतात, कडू नसेल तर ते सरबत झालं. मी विचारायचे, सरबत का वाईट असतं? तुम्ही म्हणायचात, तसं मी म्हटलं नाही, पण सरबत नाशिकमध्ये कोणीही करतं. मग मी पुरणपोळीवरून टोमणा मारायचे, की गोडाला नावं ठेवणारा माणूस कटाच्या आमटीआधी पोळीला हात घालतो. दर शुक्रवारी हेच. पेला माझ्या हातात देऊन तुम्ही तोंडाकडे बघत विचारायचात, कसं झालंय? आणि मी म्हणायचे, काढा झालाय. पेला मात्र संपवायचे.

आता ऐका. गेल्या उन्हाळ्यापासून मला ते आवडायला लागलं होतं. शाळेतून दुपारी घरी आले की जीव नको झालेला असायचा. फ्रीज उघडून उभ्या उभ्या दोन घोट घ्यायचे. कडू जिभेवर रेंगाळायचं आणि डोकं शांत व्हायचं. बाटलीतलं कमी झालेलं बघून तुम्ही झाकणं बदललीत, तुम्हाला वाटलं बाटल्या गळतात. सांगितलं असतं तर तुम्ही चढून बसला असतात. म्हटलं, सांगू नाशिकला गेल्यावर. बापूच्या बिअरखान्यात चार लोकांसमोर सांगू, म्हणजे एकदाच काय चढायचं ते चढून घ्या.

तो शेवटचा घाणा तुम्ही केलात तेव्हा मी घरी नव्हते. सुलभाताईंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, दिवसभर तिकडेच. आले तर स्वयंपाकघर लख्ख, बाटल्या फ्रीझरमध्ये, आणि तुम्ही पेपर वाचताय. उघडायचं म्हटलं तर म्हणालात, "आज नाही. शुक्रवारी उघडू." चेहऱ्यावर काहीतरी होतं खरं. मी विचारलं नाही. आणि बुधवारी सकाळी कामावर निघताना तुम्ही बूट घालायला स्टुलावर बसलात ते उठलाच नाहीत. एक बूट पायात होता. मी आतून ओरडत होते की डबा विसरू नका.

पुढचं सगळं ऑफिसातल्या लोकांनी केलं, कागदपत्रं, दूतावास, तिकीट. एक गोष्ट मी कोणापाशी बोलले नाही, तुम्हालाच सांगते. इतकी वर्षं तुम्ही मासळी, लोणी, सफरचंदं थंडगार ठेवून मार्गी लावलीत. तुम्हालाही तसंच न्यावं लागलं हो. विमानात मी वर बसले होते आणि तुम्ही खाली, पेटीत. आणि माझ्या मनात काय यावं, तर तापमान नीट ठेवलं असेल ना यांनी? तुम्ही ऐकून हसला असतात. मी रडले तेव्हाच पहिल्यांदा, शेजारच्या बाईने तिची शाल माझ्या अंगावर घातली.

नाशिकला बापू भावजी घाटावर आले होते. मी घर आवरायला परत इकडे निघाले तेव्हा म्हणाले, "वहिनी, ते वेटोळं घेऊन या. भिंतीवर छान लावू त्याच्या नावाने." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण मला राग आला. वस्तू भिंतीवर गेली की संपली. ठोकून ठोकून तिच्यातली वाळू काढली ती काय खिळ्याला टांगायला?

तर आज दुपारी मी एक बाटली काढली. वितळेपर्यंत खोकी बांधत बसले. मग स्टीलचा पेला, तो मुद्दाम बांधला नव्हता. मनाची तयारी केली, डोळे मिटले आणि घोट घेतला.

गोड होतं.

नुसतं गोड. भाजक्या जवाचा वास, थोडीशी संत्र्याची साल, आणि कडू औषधालासुद्धा नाही. मला वाटलं माझी जीभ गेली. दुसरी बाटली काढली, कोमट पाण्यात धरून वितळवली, तीही तशीच. मग मी काडेचिराईताचा डबा शोधायला बांधलेली दोन खोकी फोडली. डबा भरलेला होता, गळ्यापर्यंत, म्हणजे संपलं म्हणून घातलं नाही असंही नव्हतं.

मी मुक्ताला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मे बी ही फरगॉट, आई." तुम्ही आणि विसरणार! नळाचं पाणी विसराल, वाळू ओली आहे हे विसराल, पण कडू विसरणार नाही तुम्ही. तुम्ही माझ्यासाठी माघार घेतलीत. इतक्या वर्षांच्या भांडणात माघार घेतलीत आणि मला सांगायला शुक्रवारपर्यंत थांबलात. अहो, हा वाद मला असा जिंकायचा नव्हता. मला कडूच आवडायला लागलं होतं, आणि ते ऐकायला तुम्ही नाही, आणि तुम्ही गोड केलंत ते कसं झालंय म्हणून विचारायलाही तुम्ही नाही. मी फोनवरच ढसाढसा रडले. पलीकडे मुक्ताही. मग बऱ्याच वेळाने ती मराठीत म्हणाली, "आई, कडू कर ना ते. बाबांचं असायचं तसं."

म्हणून मी दोन्ही बाटल्या पातेल्यात ओतल्या. शेगडी अजून होती. उकळी आल्यावर काडेचिराईताच्या काड्या टाकल्या, मूठभर, तुमच्या मापाने. घरभर तो वास सुटला आणि घर पुन्हा घरासारखं झालं. पातेलं धरून न्हाणीघरात नेलं. वेटोळ्याची खालची चार वळणंच बुडाली, एवढंसंच होतं ते. नळी लाल खुणेच्या नळाला लावली. तुम्ही गेल्यापासून हा नळ कोणी उघडला नव्हता. मी आंघोळ करत होते ती छोट्या, बिनगिझरच्या न्हाणीघरात. म्हणजे गिझरमधलं पाणी तुमच्या शेवटच्या दिवशी भरलेलं, तसंच राहिलेलं. मी हळूहळू सोडलं, घाईने संपवलं नाही. मोरीत आधी चार कण वाळू आली समैस्म्याची, मग स्वच्छ पाणी. काढा गार झाला.

पेला भरून तुमच्या स्टुलावर बसून प्यायले. कसं झालंय म्हणून विचाराल, तर काढाच झालाय. चांगला झालाय. उरलेला फ्रीजमध्ये ठेवते, फ्रीजवाल्याला गुरुवारी न्या म्हणून सांगते, तोवर रोज एक पेला पुरेल. वेटोळं माझ्या कपड्यांच्या बॅगेत घेतलंय, मध्ये तुमचा स्वेटर भरून. बापू भावजींना सांगेन की भिंतीवर नाही, पातेल्यात घाला, आणि यीस्ट टाकताना मला बोलवा.

तेवढं झाल्यावर मी स्विचवरची पट्टी काढली. चिकट डाग राहिलाय, तो काही मी पुसला नाही. स्विच लावला, लाल दिवा लागला. उद्यापासून गरम नळाला गरम पाणी येईल.